प्रमाणपत्र तिच्या हाती, नकाशा कुणाच्या हाती?

बी.ए.चे निकाल लागले की पुण्यात जाहिरातींचा हंगाम सुरू होतो. नवी पेठ, सदाशिव पेठ, डेक्कन, शिवाजीनगर या भागांतील बसथांब्यांवर आणि झेरॉक्सच्या दुकानांबाहेर पत्रके चिकटवलेली दिसतात. त्यातील एका प्रकारच्या जाहिरातीविषयी हा लेख आहे. ‘भूगोल घेऊन पदवी केली? जीआयएसचे सर्टिफिकेट करा, नोकरी मिळवा,’ असा तिचा एकूण आशय असतो. जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे संगणकावर नकाशा तयार करणे आणि त्या नकाशाला माहिती जोडणे. रस्ते, पाणी, शेती, जंगल, जमिनीची मोजणी, वाहनांना वाट दाखवणे, अशा असंख्य कामांत तिचा वापर होतो. विषय खरा आहे, महत्त्वाचा आहे. प्रश्न आहे तो त्या विषयाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कागदाचा, आणि तो कागद विकत घेण्यासाठी कर्ज काढणाऱ्या मुलींचा.

वस्तीतील मराठी माध्यमाच्या मुली कला शाखेत का जातात हे आपल्याला माहीत आहे. विज्ञानाला प्रयोगशाळेचा खर्च असतो, खासगी शिकवणी लागते, आणि भाऊ अभियांत्रिकीला असेल तर घरातील पैसा तिकडे वळतो. कला शाखेत ज्यांना नकाशा, आकडे, प्रात्यक्षिक आवडते त्या भूगोल घेतात. तीन वर्षांनी पदवी हाती येते आणि कळते की नुसत्या पदवीला कुणी विचारत नाही. नेमक्या याच क्षणी जाहिरात तिच्यापुढे येते. तिला वाटते, आपल्या शिक्षणात एक कडी कमी होती, ती या सर्टिफिकेटने जोडली जाईल. ही कडी मुळात पदवीच्या शिक्षणातच का नव्हती, हा प्रश्न तिला कुणी विचारू देत नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नावर हा सगळा धंदा उभा आहे.

हिशोब मांडून पाहू

आपण बचत गटात एकेका रुपयाचा हिशोब लिहितो, पण मुलींच्या शिक्षणाचा हिशोब मांडायची वेळ आली की ‘शिक्षणाला पैसा मोजू नये’ असे म्हणून गप्प बसतो. हे बरोबर नाही. ज्या घरात पैसा नसतो तिथे तो मोजावाच लागतो. म्हणून एक उदाहरण धरून चालू. यातील फी आणि पगार मी समजुतीसाठी घेतले आहेत. आपापल्या भागातील आकडे घालून प्रत्येकीने हीच बेरीज करून पाहावी.

समजा, एका मुलीने सहा महिन्यांचा, दिवसभराचा खासगी अभ्यासक्रम घेतला आणि फी आहे ४०,००० रुपये. या फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,२०० रुपये. फीची रक्कम झाली ४७,२००. हडपसरहून किंवा येरवड्याहून रोज डेक्कनला यायचे तर पीएमपीचा पास लागतो. १ जून २०२५ पासून मासिक पास ९०० वरून १,५०० रुपये झाला. सहा महिन्यांचे ९,००० रुपये. आतापर्यंतचा खर्च ५६,२००. ही मुलगी आधी घराजवळच्या दुकानात ८,००० रुपयांवर काम करीत होती असे धरू. सहा महिने ते काम सुटले, म्हणजे ४८,००० रुपये बुडाले. एकूण किंमत झाली १,०४,२०० रुपये. यात लॅपटॉप नाही, दुपारचा चहा-वडापाव नाही, आणि कर्जावरचे व्याजही नाही. फीची रक्कम शेकडा दोन रुपये महिना दराने उचलली तर पहिल्या महिन्याचे व्याजच ९४४ रुपये होते.

आता दुसरी बाजू. समजा अभ्यासक्रम संपताच, एकही दिवस रिकामा न जाता, तिला १५,००० रुपयांची नोकरी लागली. आधीच्या कामापेक्षा ७,००० जास्त. त्यातून पासाचे १,५०० वजा केले की खरी वाढ ५,५०० रुपये. १,०४,२०० भरून निघायला, व्याज न धरता, १९ महिने लागतात. आणि नोकरी जर अकरा महिन्यांच्या कराराची असेल, तर करार संपतो तेव्हा तिने ६०,५०० रुपये भरून काढलेले असतात आणि ४३,७०० रुपये अंगावर असतात. या साऱ्यात सर्व काही सुरळीत झाले असे आपण धरले आहे. नोकरी मिळायला चार महिने लागले, मध्येच आई आजारी पडली, घरच्यांनी लग्न ठरवले, कंपनीने ‘ट्रेनी’ म्हणून पहिले तीन महिने निम्म्या पगारावर ठेवले, यांतील एक गोष्ट जरी घडली तरी हिशोब कोलमडतो.

आणि घरात या हिशोबाचे खापर कुणावर फुटते? मुलाची अभियांत्रिकीची दोन वर्षे वाया गेली तर ‘नशीब’ म्हणतात. मुलीचे सर्टिफिकेट वाया गेले तर ‘सांगितले होते, कशाला शिकवता’ असे म्हणतात. तिच्या फसलेल्या सर्टिफिकेटची किंमत तिच्या धाकट्या बहिणी भरतात. त्यांचे शिक्षण मग बारावीला थांबते. पैशाच्या कुठल्याही वहीत हा तोटा लिहिला जात नाही.

सरकारचा हिशोब

या बेरजेत सरकार कुठे आहे ते नीट पाहा. कायद्याने मान्य असलेली पदवी देणाऱ्या संस्थेच्या शिक्षणशुल्कावर जीएसटी नाही. परदेशी शैलीच्या भव्य खासगी विद्यापीठात लाखो रुपये भरणाऱ्या विद्यार्थ्याच्या फीवरही तो नाही. पण मान्यता नसलेल्या खासगी क्लासची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या वर असेल तर त्याच्या फीवर १८ टक्के कर आहे. म्हणजे ज्या मुलीला मान्यताप्राप्त शिक्षणाने अर्ध्यावर सोडले, तिला पूर्ण शिकायचे असेल तर कर भरून शिकावे लागते. या कायद्यामागे कुणाचा दुष्ट हेतू होता असे मी म्हणत नाही. पण तो कुणाच्या खिशातून वसूल होतो हे तरी म्हणावे लागेल.

महाराष्ट्र सरकारने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने मुलींना मोफत उच्च शिक्षण जाहीर केले. वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क सरकार भरणार, असा तो निर्णय आहे. त्याचे स्वागत केलेच पाहिजे. पण तो केंद्रीभूत पद्धतीने प्रवेश होणाऱ्या, मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. बी.ए. झालेल्या आणि कौशल्याचा एक कोपरा हवा असलेल्या मुलीपर्यंत तो पोहोचत नाही. शिवाय शुल्क माफ झाले तरी बस, जेवण, राहणे माफ होत नाही.

बसचेच पाहा. एसटीमध्ये मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. शहरातील पीएमपीच्या बसमध्ये तशी सवलत नाही. आणि जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीच्या खात्यावर महिना १,५०० रुपये देण्याची योजना आली. पीएमपीचा मासिक पास किती? १,५०० रुपये. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने बसच्या खिडकीवर परत घेतले जातात, आणि मधल्या वेळात भावाने ओवाळणी घातल्याचा गाजावाजा होतो. आम्हांला ओवाळणी नको, शिकायला जाण्याची वाट हवी.

हा कागद कोण मोजते?

कुठल्याही सर्टिफिकेटची किंमत त्यावरच्या सोनेरी शिक्क्यात नसते. नोकरी देणारा त्याला मोजतो की नाही, यात ती असते. आपल्याकडे मुलींना सर्टिफिकेटच्या वाटेने पाठवण्याची परंपरा जुनी आहे. शिवणक्लास झाले, टायपिंग झाले, बालवाडी झाली, ब्यूटी पार्लर झाले, २००१ नंतर एमएस-सीआयटी आली. पण यांतील टायपिंग आणि एमएस-सीआयटी यांच्याबद्दल निदान एवढे म्हणता येते, की सरकारी भरतीच्या जाहिरातीत त्यांचा उल्लेख असतो. खासगी जीआयएस सर्टिफिकेटचे काय?

जमिनीची मोजणी करणारे खाते म्हणजे भूमी अभिलेख. त्याचे मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे. भूगोलाच्या मुलीला वाटते, नकाशाचे सर्टिफिकेट घेतले की या खात्याचे दार उघडेल. पण तिथल्या भूकरमापक पदासाठी अर्हता मागतात ती स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका, किंवा दहावीनंतर आयटीआयचे दोन वर्षांचे सर्वेक्षक प्रमाणपत्र, आणि त्याबरोबर टंकलेखन. म्हणजे दहावीनंतर सरकारी आयटीआयमध्ये थोड्या फीत जे मिळाले असते त्याला मोल आहे, आणि पदवीनंतर चाळीस हजार भरून आणलेल्या कागदाला नाही. किती शाळांत नववी-दहावीच्या मुलींना सर्वेक्षक हा ट्रेड असतो हे सांगितले जाते? आयटीआय म्हणजे मुलांचे, मुलींना फार तर शिवणकाम, हे डोक्यात इतके घट्ट बसले आहे की शिक्षकही सांगत नाहीत.

तलाठी व्हायचे तर पदवी लागते, सर्टिफिकेटला जास्तीचे गुण नाहीत. शाळेत शिकवायचे तर बी.एड. आणि पात्रता परीक्षा लागते. महाविद्यालयात शिकवायचे तर एम.ए. आणि नेट किंवा सेट. इतके करूनही पुष्कळ जणी वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबतात, तो वेगळा लेखाचा विषय आहे. थोडक्यात, सरकारी नोकरीच्या ज्या दारांसमोर भूगोलाच्या मुली उभ्या असतात, त्यांतील बहुतेक दारांना या किल्लीचे कुलूपच नाही.

उरतात खासगी कंपन्या. तिथे काम आहे हे खरे. पुण्यात नकाशाच्या कामाच्या कंपन्या आहेत. जगभरच्या वाहनांना रस्ता दाखवणाऱ्या टॉमटॉम या डच कंपनीचे मोठे कार्यालयही इथे आहे. पण नवख्या मुलीला अशा उद्योगात जे काम मिळते त्यातील बरेचसे म्हणजे उपग्रहाच्या चित्रावरून रस्त्यांच्या, इमारतींच्या रेषा गिरवणे. दिवसाला इतके चौकोन, इतके किलोमीटर, असे ‘टार्गेट’. हेच काम यंत्र आता झपाट्याने शिकले आहे. टॉमटॉमनेच जून २०२२ मध्ये, नकाशे तयार करण्याचे काम अधिकाधिक यंत्राकडून होऊ लागल्याचे कारण देऊन, जगभरातील सुमारे ५०० जणांची, म्हणजे सुमारे १० टक्के कर्मचाऱ्यांची कपात जाहीर केली. जून २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचे कारण देऊन आणखी ३०० नोकऱ्या कमी करणार असल्याचे सांगितले. हा एका कंपनीवरचा आरोप नाही, हा साऱ्या धंद्याचा वारा आहे. मग क्लासवाले अजूनही मुलींना रेषा गिरवायलाच का शिकवतात? कारण ते शिकवणे स्वस्त पडते. आकडेशास्त्र, प्रोग्रामिंग, प्रत्यक्ष जमिनीवरची पाहणी, माहिती पडताळण्याची रीत, हे शिकवायला चांगले शिक्षक लागतात आणि वेळ लागतो. जे यंत्राला जमत नाही तेच शिकवण्यासारखे आहे, आणि तेच शिकवले जात नाही.

आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका मुलीला तिच्या क्लासने ‘शंभर टक्के नोकरी’ असे तोंडी सांगितले होते. अभ्यासक्रम संपल्यावर तिला दोन मुलाखतींचे पत्ते दिले गेले. एका ठिकाणी जागा भरून झाल्या होत्या, दुसरीकडे रात्रपाळी होती आणि घरी सोडायला गाडी नव्हती. ती नको म्हणाली. क्लासच्या वहीत तिच्या नावापुढे ‘नोकरी नाकारली’ असे लिहिले गेले. म्हणजे आश्वासन पाळल्याची नोंद झाली, आणि दोष मुलीचा ठरला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामाला ठेवायचे तर तिची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंत वाहन यांची जबाबदारी मालकाची आहे. हे त्या मुलीला क्लासने सांगितले नव्हते. नोकरीसाठी तयार करणे म्हणजे कामगार म्हणून तिचे हक्क काय ते सांगणे, हे त्या अभ्यासक्रमात बसतच नाही.

एका वर्षाचे दार

आता याच प्रश्नाचे दुसरे, अधिक गंभीर रूप पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीचे शिक्षण तुकड्यांत विभागले गेले. आपल्याकडे स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ते लागू झाले. एक वर्ष पूर्ण करून, ठरलेली श्रेयांके आणि एक कौशल्याचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. बाहेर पडलेल्याने तीन वर्षांच्या आत परत यावे आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी. भूगोल घेतलेली मुलगीसुद्धा एका वर्षात प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू शकते.

कागदावर ही सोय आहे. अडचणीत आलेल्याचे वर्ष वाया जाऊ नये, हा विचारही चांगला आहे. पण आपण घरे पाहिली आहेत. बारावीनंतर एक वर्ष म्हणजे मुलगी एकोणीस वर्षांची. आजवर आपण घरच्यांशी भांडताना म्हणायचो, ‘अर्धवट कशाला सोडता, पदवी तरी पुरी होऊ द्या.’ हा युक्तिवाद पुष्कळ मुलींची लग्ने दोन-दोन वर्षे पुढे ढकलून गेला. आता वडील म्हणतील, ‘अर्धवट कुठे? सर्टिफिकेट मिळाले की!’ बाहेर पडण्याचे दार मुलीसाठी घरचे उघडतात. परत आत येण्याचे दार मात्र तिला एकटीने उघडावे लागते, तेही लग्नानंतर, कडेवर मूल घेऊन, सासरच्यांची परवानगी मागून. तीन वर्षांची मुदत तिच्यासाठी मुदत राहत नाही.

आणि त्या एका वर्षाच्या प्रमाणपत्राला बाजारात मोल काय? भरतीच्या जाहिराती बारावी मागतात किंवा पदवी मागतात. मधल्या पायरीवर उभ्या असलेल्या मुलीला बारावीच्याच रांगेत उभे राहावे लागते. म्हणून या दाराकडे ‘लवचीकता’ म्हणून कौतुकाने पाहण्याआधी दर वर्षी प्रत्येक महाविद्यालयाकडून एक आकडा मागून घेतला पाहिजे: पहिल्या वर्षानंतर किती मुली बाहेर पडल्या, किती मुलगे बाहेर पडले, आणि त्यांतील किती परत आले?

मग मुलींनी नकाशा शिकू नये का?

शिकावा. मुलींनी तो शिकलाच पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे १८५१-५२ च्या सुमारास त्यांच्या मुलींच्या शाळांमध्ये जे शिकवले जाई त्यात व्याकरण आणि गणित यांच्याबरोबर भूगोल होता, आणि आशिया, युरोप, हिंदुस्थानचे नकाशे होते. ज्या मुलीने उंबरा ओलांडणे पाप मानले जाई, तिच्यापुढे जगाचा नकाशा पसरण्याचा अर्थ काय होतो, हे त्या काळच्या सनातन्यांना बरोबर कळले होते. म्हणून त्यांनी शेणाचे गोळे मारले.

नकाशा ही सत्तेची वस्तू आहे. भारतीय सर्वेक्षण खाते १७६७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने स्थापन केले ते आपल्या कौतुकासाठी नव्हे, मुलूख ताब्यात ठेवण्यासाठी. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांवरील परवान्यांची बंधने सैल केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आणले. दार उघडले ते कंपन्यांसाठी. वस्तीतील बाईसाठी ते उघडायचे काम आपले आहे.

तसे करता येते याचा दाखला पुण्यातच आहे. वास्तुरचनाकार प्रतिमा जोशी यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘शेल्टर असोसिएट्स’ या संस्थेने घरोघरचे सर्वेक्षण आणि जीआयएस यांची सांगड घातली. कोणत्या घरात शौचालय नाही, मलवाहिनी कुठून जाते, हे नकाशावर दाखवले आणि त्या आधारावर वस्त्यांत घरोघरी शौचालये उभी करण्याचे काम केले. ‘आमच्याकडे सोय नाही’ असे बाई म्हणते तेव्हा अधिकारी तक्रार म्हणून ऐकतो. तीच गोष्ट नकाशावर ठिपक्याठिपक्याने दिसली की त्याला उत्तर द्यावे लागते. मुंबईत २०११ पासून सुरू झालेल्या ‘राईट टू पी’ मोहिमेतही कार्यकर्त्यांनी मुताऱ्या प्रत्यक्ष फिरून, मोजून, तपासून मगच महापालिकेपुढे मागणी ठेवली.

काम तर डोंगराएवढे पडले आहे. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. या गावांत अंगणवाडी कुठे, रस्त्यावरचा दिवा कुठे बंद, पाण्याचा टँकर कुठे थांबतो, याची नोंद कोण करणार? २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हायचे असते. भाजी विकणाऱ्या बायका सर्वेक्षणाच्या वेळी जागेवर सापडल्या नाहीत की यादीतून गळतात. आंबेगाव, जुन्नर, खेडच्या आदिवासी पट्ट्यात २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावे करताना जमिनीच्या सीमा दाखवाव्या लागतात, आणि तो कायदा पती-पत्नी दोघांच्या नावे हक्क देतो. हद्द मोजताना बाई तिथे उभी नसेल तर कागदावरचे तिचे नाव नावापुरतेच राहते. या सर्व कामांना भूगोल शिकलेल्या, मराठी बोलणाऱ्या, बायकांशी बोलू शकणाऱ्या मुली हव्या आहेत. यंत्राला हे काम येत नाही. पण आज ते ठेकेदाराला जाते, आणि ठेकेदार रोजंदारीवर पोरे फिरवतो.

काय करावे?

पहिली गोष्ट, सल्ला देताना घाई करू नका. मुलगी विचारायला आली तर तिच्याबरोबर क्लासमध्ये जा आणि चार प्रश्न लेखी विचारा. हे सर्टिफिकेट कोणत्या भरतीच्या जाहिरातीत अर्हता म्हणून लिहिले आहे? मागच्या बॅचमधील किती जणींना, कुठे, किती पगारावर काम मिळाले आणि वर्षानंतर त्यातील किती टिकल्या? शिकवले जाणारे सॉफ्टवेअर तिला नंतर घरी वापरता येईल, की त्याचा परवाना विकत घ्यावा लागेल? मध्येच सोडावे लागले तर किती पैसे परत मिळतील? उत्तर लेखी मिळत नसेल तर तेच उत्तर समजावे. पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या कोचिंग संस्थांनी नोकरीची खोटी हमी देऊ नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची १३ नोव्हेंबर २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. जाहिरातीची पत्रके फेकू नका, जपून ठेवा. ग्राहक मंचात तोच पुरावा असतो.

दुसरी गोष्ट, पैसे मोजण्याआधी फुकट जे आहे ते वापरून पाहा. इस्रोच्या अखत्यारीतील देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था २००७ पासून दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम चालवते, त्यांना फी नाही आणि प्रमाणपत्रही मिळते. क्यूजीआयएस हे नकाशाचे सॉफ्टवेअर मोफत आहे. अडचण आहे ती इंग्रजीची आणि संगणकाची. ती अडचण गटाने सोडवता येते. कार्यालयातील संगणक संध्याकाळी दोन तास मोकळा करा, चार-पाच मुलींना एकत्र बसवा, इंग्रजी समजणाऱ्या मैत्रिणीला बरोबर द्या. महिनाभरात मुलीला स्वतःलाच कळेल की हे काम आवडते की नाही. मग पैसे भरायचे तर भरावेत.

तिसरी गोष्ट आपल्यातील काही संस्थांसाठी. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून ‘कौशल्य प्रशिक्षण’ घेण्यात गैर काही नाही. पण अहवालात ‘इतक्या मुलींना प्रशिक्षण दिले’ एवढेच लिहिणाऱ्या संस्था आणि बॅच भरणारे क्लास यांच्यात फरक उरत नाही. किती मुली वर्षानंतर कामावर आहेत हा आकडा निधी देणारा मागत नसला तरी आपण मागायला हवा.

चौथी आणि मुख्य गोष्ट मागण्यांची. सावित्रीबाईंचे नाव २०१४ पासून धारण करणाऱ्या पुणे विद्यापीठाने आपल्या संलग्न महाविद्यालयांत भूगोलाच्या प्रत्येक पदवी विद्यार्थ्याला जीआयएसचे पुरेसे प्रात्यक्षिक, मोफत सॉफ्टवेअरवर, मराठीतून आणि जादा फी न घेता द्यावे. ज्या दिवशी हे होईल त्या दिवशी बाजारातील अर्ध्या सर्टिफिकेटांची गरज संपेल. मोफत शिक्षणाचा निर्णय कला शाखेतील मुलींच्या मान्यताप्राप्त कौशल्य अभ्यासक्रमांनाही लागू व्हावा. पीएमपीमध्ये स्त्रियांना सवलत मिळावी. महापालिकेने आणि भूमी अभिलेख खात्याने विद्यापीठातून घेतलेल्या या शिक्षणाला अर्हतेत स्थान द्यावे. वस्त्या, पथविक्रेते आणि समाविष्ट गावे यांच्या सर्वेक्षणाचे काम त्या-त्या भागातील शिकलेल्या मुलींना, ठेकेदाराशिवाय, रीतसर पगारावर द्यावे.

या मागण्या एकट्या गटाच्या नाहीत. पुण्यातील संघटनांनी येत्या जूनपूर्वी एकत्र बसून, आपापल्या वस्तीतील किती मुलींनी कोणते सर्टिफिकेट केले, किती खर्च आला आणि आज त्या काय करतात, याची साधी यादी करावी. प्रत्येक गटाने वीस मुली विचारल्या तरी विद्यापीठापुढे आणि महापालिकेपुढे ठेवायला आपल्या हाती काही असेल. आपापल्या याद्या या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या अंकात त्या एकत्र मांडू आणि त्यावरून निवेदन तयार करू.